नाल्यात आडवे पडलेले झाड काढावे की राहू द्यावे?

घाटंजी तालुक्यातील एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या शिवारातील नाल्याचे सात-आठ वर्षांपूर्वी पोकलेन लावून खोलीकरण झाले. पहिली दोन वर्षे पाणी दिसले. त्यानंतर काठ ढासळू लागले, जुना डोह गाळाने भरला आणि पूर्वी माघापर्यंत वाहणारा नाला आता दिवाळीलाच कोरडा पडतो. गेल्या पावसाळ्यात वरच्या अंगाला, झुडपी जंगलाच्या पट्ट्यात, एक मोठा अर्जुन मुळासकट नाल्यात आडवा झाला. गावातील काही जणांचे म्हणणे असे की तो ओढून काढावा आणि नाला साफ करावा. या शेतकऱ्याच्या मुलीने मात्र असे वाचले आहे की अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात बिघडलेल्या नाल्यांमध्ये मुद्दाम लाकडे टाकून ते सुधारतात. हे आपल्याकडे चालेल का, आणि त्या झाडाचे काय करावे, असे त्यांना विचारायचे आहे.

उत्तर आधी देतो. तो अर्जुन काढू नका. खालच्या भागात बाहेरून लाकूड आणून टाकायचे की नाही हा त्यानंतरचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर नाल्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी वेगळे येईल. मी गेली अठ्ठावीस वर्षे यवतमाळ, वर्धा आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत मृद व जलसंधारणाची कामे करतो आहे, आणि लहान नाल्यांत लाकडाचे अडथळे घालून पाहिले आहेत; त्यांतील काही टिकले, काही फसले. आपल्या मुलीने वाचले ते खरे आहे. परंतु ती पद्धत ज्या नद्यांवर घडली त्या नद्या आणि आपले नाले यांत मोठा फरक आहे, आणि तो लक्षात न घेता काम केले तर शेजाऱ्याची जमीन जाते.

खोल केलेल्या नाल्यात नेमके काय बिघडते ते प्रथम पाहू. पूर्वी पूर काठावरून पसरत असे. पसरल्यावर त्याची खोली ४० सेंटिमीटर होती असे समजा. तेच पाणी आता २ मीटर खोल चरात कोंडून धावते. पाण्याची तळावर जी ओढ बसते ती पाण्याची खोली आणि तळाचा उतार यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. म्हणजे उतार तोच धरला तरी ओढ ५ पट झाली. खोलीकरण करताना नाल्याची वळणेही सरळ केली गेली असतील तर तेवढीच उतरण कमी अंतरात आली आणि उतारही वाढला. अशा पुरापुढे गोटे आणि वाळू टिकत नाहीत, तो खालचा मुरूम खरवडू लागतो. खोलीकरण वरच्या बाजूला जेथे थांबले तेथे तळाला एक पायरी तयार होते आणि ती दर पावसाळ्यात खचत खचत आणखी वर सरकते, त्यामुळे पोकलेन जेथे कधी पोचलाच नव्हता तेथील नालाही खोल होतो. आपला अर्जुन कदाचित याच कारणाने पडला असेल. त्याच्या मुळांखालची माती कोणत्या बाजूने गेली आहे ते एकदा वाकून पाहा.

काठ ढासळण्याचे कारण काळ्या मातीत आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि जड होते. पूर चढलेला असतो तोवर समोरच्या पाण्याचा तिला टेका असतो. पूर तासाभरात ओसरला की टेका जातो, पाणी मात्र मातीच्या आत राहते, आणि काठ आपल्याच वजनाने सुटतो. म्हणून काठ बहुधा पूर उतरताना किंवा दुसऱ्या दिवशी पडतात.

विहिरींचेही यातच आले. आपल्याकडील काळ्या पाषाणाच्या प्रदेशात उथळ भूजल प्रामुख्याने खडकावरच्या मुरमाच्या थरात साठते. नाल्याचा तळ त्या थरातील पाण्याच्या पातळीखाली गेला की दोन्ही काठांचे पाणी पाझरून नाल्यात येते आणि वाहून जाते. खोलीकरणानंतर पहिली दोन वर्षे जे पाणी दिसले त्यातील काही भाग आपल्याच विहिरींचा होता, असे मला वाटते. साचलेला गाळ तेवढा काढणे आणि मूळ तळ फोडून खाली जाणे या दोन कामांना आपण एकच नाव देतो, आणि त्यामुळे गावोगाव नुकसान झाले आहे.

आता लाकडाविषयी. चंद्रपूर जिल्ह्यातील जंगलात एका ओढ्यावर पडलेल्या जांभळीपाशी मी कार्तिकात अर्धा दिवस बसलो होतो. बुंधा दोन्ही काठांवर टेकलेला होता आणि त्याच्या खालून वीतभर फट होती. वरच्या बाजूला फांद्यांच्या जाळीत सागाची पाने, बांबूच्या काड्या आणि गवत इतके घट्ट बसले होते की हाताने ओढून निघत नव्हते. त्यामागे साचलेल्या गाळाची रचना अशी होती की बुंध्यालगत मूठभर आकाराचे गोटे, त्यामागे वाळू, आणि सर्वांत मागे बोटाला गुळगुळीत लागणारी पोयट्याची माती, जिच्यावर लव्हाळा उगवला होता. फटीतून खाली जोराने सुटणाऱ्या पाण्याने पुढे कमरेइतका डोह कोरला होता आणि त्यात झिंगे आणि बोटभर मासे होते. त्या ओढ्यावर वर-खाली अर्धा किलोमीटर फिरलो. जेथे जेथे पाणी साचले होते तेथे जवळ एखादे खोड, मूळ किंवा मोठा दगड होताच. लाकूड एकाच वेळी मागे तळ उचलते, पुढे डोह कोरते, आणि पालापाचोळा अडवून किडे व माशांना खाद्य देते. सिमेंटच्या बंधाऱ्याने यातील एकच काम होते.

हे ज्ञान पाश्चात्त्य देशांनाही उशिरा आणि नुकसान सोसून मिळाले. अमेरिकेतील रेड नदीत शतकानुशतके वाहून आलेल्या झाडांचा सुमारे २५० किलोमीटर लांबीचा गुंता होता. बोटींची वाट मोकळी करण्यासाठी हेन्री श्रीव्ह यांनी १८३३ मध्ये तो फोडण्यास सुरुवात केली, आणि तो कायमचा निघाला १८७३ मध्ये. ओरेगॉनमधील विलामेट नदीतून १८७० ते १९५० या काळात ६५ हजारांहून अधिक खोडे ओढून काढली गेली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तर खुद्द मत्स्यखात्यांनीच, सामन माशांची वाट अडते असे समजून, ओढ्यांतील लाकूड साफ केले. पुढे लक्षात आले की लाकूड गेल्यावर डोह गेले, गोटे वाहून गेले आणि मासेही कमी झाले. त्याच लोकांनी नंतर लाकूड परत नेऊन टाकले. ऑस्ट्रेलियात मरे नदीतही खोडे आधी काढली आणि पुढे हजारोंनी परत घातली. आपल्या परिस्थितीला सर्वांत जवळचे उदाहरण ओरेगॉनमधील ब्रिज क्रीकचे आहे. तो ओढाही खचून खोल झालेला होता. तेथे २००९ पासून तळात लाकडी खुंट ठोकून, त्यांत फांद्या विणून, बीव्हर या प्राण्याच्या बांधांसारखे अनेक लहान बांध घातले; तळ उचलला गेला, काठचे भूजल वाढले, आणि स्वतः बीव्हरांनी ते बांध पुढे वाढवले.

आपल्याकडे बीव्हर नाही. दरवर्षी फाटलेला बांध दुरुस्त करणारा हा कामकरी तेथे फुकट मिळतो. येथे ते काम गावाला करावे लागेल, किंवा बांधातच जिवंत झाड रुजवावे लागेल. दुसरा फरक वाळवीचा आहे. सतत पाण्यात बुडालेले लाकूड अनेक दशके टिकते, परंतु आपले बहुतेक नाले पौषापर्यंत कोरडे पडतात, आणि ओले-सुके होणाऱ्या लाकडाला वाळवी व बुरशी दोन-चार वर्षांत पोकळ करतात. तिसरा फरक सरपणाचा. वाळलेले चांगले खोड नाल्यात पडून राहील अशी अपेक्षा करणे योग्य नाही, आणि ज्या बाईला डोक्यावर मोळी वाहून आणावी लागते तिला दोष देणे त्याहून अयोग्य आहे. म्हणून हे काम ग्रामसभेत बोलून, आणि शक्यतो चुलीला निकामी असलेले वाकडे, गाठाळ, मुळांच्या बुंध्यासकटचे लाकूड वापरून करावे. चौथा फरक सर्वांत गंभीर आहे: त्या देशांत काठाला मोकळे माळ किंवा जंगल असते, आणि आपल्याकडे नाल्याच्या काठापर्यंत कपाशी व तूर असते.

या चौथ्या फरकाकडे दुर्लक्ष करून मी स्वतः चूक केली आहे. वर्धा जिल्ह्यातील एका नाल्यात, जेथे दोन्ही काठ काळ्या मातीचे होते, आम्ही वादळात पडलेल्या बाभळीचा बुंधा आडवा टाकला आणि त्याची दोन्ही टोके काठात हातभर खोचली. उन्हाळ्यात त्या काठाला मनगट जाईल एवढ्या भेगा होत्या. त्या मी पाहिल्या होत्या, परंतु पाऊस पडला की माती फुगेल आणि भेगा मिटतील असे मी धरून चाललो. पहिला जोराचा पूर माती फुगण्याआधी आला. पाणी भेगांत शिरले, टोकाच्या मागून त्याने वाट काढली, आणि सकाळी पाहिले तर बुंधा जागच्या जागी होता, नाला मात्र त्याला वळसा घालून वाहत होता. पलीकडच्या शेतातील नुकत्याच उगवलेल्या तुरीची दोन तासे गेली. त्या शेतकऱ्याला आम्ही बियाणे दिले आणि काठ भरून दिला, पण गेलेली काळी माती परत आली नाही.

तेव्हापासून जागेची निवड हेच मी या कामाचे निम्मे काम मानतो. नाला वरच्या अंगाचा, ४-५ मीटरहून अरुंद आणि पायी ओलांडता येण्याजोगा असावा. दोन्ही काठ ई-क्लास (सरकारी गायरान), झुडपी जंगल किंवा ग्रामसभेच्या ताब्यातील असावेत, किंवा दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन संमती दिलेली असावी. काठ मुरमाचे किंवा मुळांनी बांधलेले असावेत. खाली जवळच रपटा, नळ्यांची मोरी किंवा कोल्हापुरी बंधारा असेल तर तेथे काहीही टाकू नये. सुटलेले एक खोड मोरीत अडकले तर रस्ता वाहून जातो आणि पाणी वस्तीत शिरते. ज्यांना ३० जुलै १९९१ चा नागपूर जिल्ह्यातील मोवाडचा महापूर आठवतो त्यांना पुराच्या वाटेतील अडथळ्याची भीती वाटणे अगदी स्वाभाविक आहे आणि तिचा मान ठेवलाच पाहिजे. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात मी हे काम सुचवतच नाही, कारण तेथील चोपण माती पाण्यात विरघळल्यासारखी सुटते आणि अडथळ्याखाली बिळे पडतात.

जागा योग्य असेल तर एक मोठा अडथळा न घालता लहान-लहान अनेक घालावेत, म्हणजे एक फाटला तर त्यातील लाकूड पुढच्यात अडकते. अडथळ्याची उंची काठाच्या निम्म्याहून कमी ठेवावी, मध्यभाग खोलगट आणि दोन्ही टोके चढी ठेवावीत, म्हणजे पुराचे पाणी मधूनच जाईल. काठाला लागून अर्धवट घातलेला अडथळा प्रवाह समोरच्या काठावर ढकलतो; जंगलात नाल्याला पुन्हा वळण मिळावे म्हणून तो उपयोगी आहे, शेतालगत तो कदापि घालू नये. तळात वाळू-गोटे असतील तेथे मनगटाएवढ्या जाडीचे, सुमारे दीड ते २ मीटरचे खुंट टोकदार करून सब्बलीने भोक पाडून घणाने ठोकावेत, निम्मे नाही तर किमान तिसरा हिस्सा तळात जाईल असे. त्यांत फांद्या आडव्या, शेंडे वरच्या बाजूला करून विणाव्यात आणि पायथ्याशी गोटे व पाला दाबावा. फांद्यांसाठी रायमुनिया (घाणेरी) आणि वेडी बाभूळ उत्तम, कारण ती तोडल्याने रानाचेही भले होते. मात्र वेडी बाभूळ शेंगा धरण्यापूर्वीच तोडावी, नाहीतर बी नाल्याच्या खालपर्यंत पसरते. तळ सरळ खडकाचा असेल तर खुंट जात नाहीत. तेथे अनघड दगडांचा बांधच बरा.

मोठे खोड टाकायचे असल्यास लांबी महत्त्वाची आहे. ओरेगॉनमधील नियम असा आहे की मुळांच्या बुंध्यासह असलेले खोड नाल्याच्या भरल्या पात्राच्या रुंदीच्या दीडपट आणि बुंध्याशिवायचे दुप्पट लांब असावे, म्हणजे ते वळून वाहत जात नाही. आपला नाला ४ मीटर रुंद असेल तर ही लांबी अनुक्रमे ६ आणि ८ मीटर होते. वजनाचा हिशोबही करून पाहावा. ३० सेंटिमीटर व्यासाचे ६ मीटर लांब खोड सुमारे ४२० लिटर पाणी बाजूला सारते. ते सागाच्या वजनाचे, म्हणजे घनमीटरला ६५० किलोच्या आसपास असेल, तर त्याचे वजन सुमारे २७५ किलो भरते आणि बुडाल्यावर पाणी त्याला जवळजवळ १५० किलोच्या जोराने वर उचलते. काळा दगड पाण्यात आपले तिसऱ्या हिश्शाहून अधिक वजन गमावतो, त्यामुळे केवळ हे उचलणे थोपवण्यासाठीच सव्वादोनशे-अडीचशे किलो दगड लागतात, आणि पुराचा रेटा त्याखेरीज. तारेने खोड बांधून ठेवण्याच्या मी विरोधात आहे. तार सुटत नाही, तेव्हा काठचे झाडच उपटून येते. सालई आणि पळस हलके असतात व लवकर कुजतात, बाभूळ आणि धावडा जड आणि टिकाऊ.

वाळवीवरचा माझा उपाय म्हणजे खुंटांपैकी निदान तिसरा हिस्सा रुजणारा असावा. निर्गुडी, पांगारा आणि गिरिपुष्प यांच्या फांद्या ओल मिळाली की फुटतात; मात्र त्या उन्हाळ्यात न ठोकता पहिल्या पावसानंतर, ओल धरल्यावर, काठालगत ठोकाव्यात. मेलेले लाकूड तीन वर्षे गाळ धरील, आणि ते कुजेपर्यंत निर्गुडीची मुळे तो गाळ बांधतील. बेशरम सर्वांत सहज रुजते म्हणून ती लावण्याचा मोह होतो, परंतु ती अख्खा नाला व्यापून टाकते.

परवानगीचा भाग टाळता येणार नाही. या कामासाठी रायमुनिया आणि वेडी बाभूळ सोडून दुसरे उभे झाड तोडू नये, काठचे तर मुळीच नाही. महाराष्ट्रात वृक्षतोडीवर १९६४ च्या कायद्याचे नियमन आहे. वाहून आलेले किंवा अडकलेले लाकूडही, कोणी हक्क सिद्ध करेपर्यंत, १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ४५ नुसार शासनाचे मानले जाते. झुडपी जंगल ही वनजमीनच धरावी असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मे २०२५ मध्ये आला आहे, त्यामुळे आपल्या अर्जुनाला हात लावण्यापूर्वी, तो काढायचा असो वा सरळ करायचा, वनरक्षकाला दाखवून लेखी घ्यावे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या गावांना हे अधिक सोपे जाते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला असे हक्क २००९ मध्ये मिळाले, आणि आपल्या जंगलाचे व्यवस्थापन ग्रामसभा कसे करते ते तेथे पाहता येते.

आता त्या झाडासाठी. वैशाखात एक दिवस काढून झाडापासून खाली पहिल्या रपट्यापर्यंत चालत जा आणि अंतर पावलांनी मोजा. वाटेत नाला रुंद होऊन मोकळा पसरत असेल, किंवा खोड अडकून राहील अशी दोन-तीन वळणे असतील, तर झाड जसे आहे तसे राहू द्या. रपटा अगदी जवळ असेल तर वनविभागाच्या संमतीने फक्त प्रवाहात खाली लोंबणारा शेंडा छाटा आणि तो बुंध्याच्या वरच्या बाजूला अडकवून द्या. मुळांचा बुंधा मात्र कापू नका, तोच त्याचा नांगर आहे. बुंध्यावर चुन्याने एक खूण करा, वरच्या आणि खालच्या बाजूला दहा-दहा पावलांवर काठात एकेक लोखंडी गज ठोका, आणि गजाच्या माथ्यापासून तळापर्यंतची खोली काठीने मोजून वहीत लिहा. जवळच्या विहिरीची पातळीही त्याच दिवशी लिहा. मृगाच्या आधी एकदा, आणि नंतर प्रत्येक मोठ्या पुरानंतर, त्याच जागेवरून फोटो घ्या. पोळ्याच्या सुमारास ती वही मला दाखवा. वरचा गज किती बुजला आणि खालच्या गजापाशी किती कोरले गेले, त्यावरून खालच्या तुकड्यात खुंट ठोकायचे की नाही, आणि किती, ते ठरवता येईल.